जुन्या आळीतलं एक घर

४ ऑगस्ट, सोमवार

नाही करणार बंद. नाही म्हणजे नाही!

कप्तानाचा निरोप, तोही चहाच्या आधी. ‘ताई, ३० सप्टेंबरला मुंगीची नवी आवृत्ती काढतोय. त्यात जुनी आळी नको. आकडा बघताय ना तुम्ही?’

बघते. दर सोमवारी दात घासायच्या आधी बघते. गेल्या आठवड्यात जुन्या आळीतून सामान नेणारी यंत्रं, माझं सोडून — एक. त्याच्या आधीच्या आठवड्यात — एक. वर्षभर एकच.

मग? एक म्हणजे काय शून्य असतं?

मी कप आपटला तसं नवऱ्याने पेपर खाली केला. ‘आज तुझ्या दुसऱ्या सासरी काय झालं?’ मग म्हणे, ‘ही तुझी कोठी म्हणजे नेमकं काय गं?’ अकरा वर्षांनी विचारतोय!

सांगितलं. मुंगी ही आम्हा हौशी लोकांची संगणक चालवायची यंत्रणा. कोण्या कंपनीची नाही, कोणाच्या बापाची नाही. बनवणारे सात, त्यांचा म्होरक्या कप्तान, वापरणारे दीडशे. त्या दीडशेंना यंत्रावर जे जे हवं असतं — लिहायचा प्रोग्राम, गाणी ऐकायचा, चित्रं बघायचा — त्याची गाठोडी बांधून मी कोठीत ठेवते. गाठोड्याला पॅकेज म्हणतात. माणसाने नुसतं नाव सांगायचं. सुई मागितली तर कोठी दोराही घेऊन येते, कारण दोऱ्याशिवाय सुई काय कामाची? नवं आलं की जुनं बदलून देते. नको झालं की काढून नेते. खूप जुन्या यंत्रांना ही नवी गाठोडी चालत नाहीत, त्यांची वेगळी बांधावी लागतात. ती जुनी आळी.

‘आणि त्या आळीत एकच घर?’

‘एकच.’

‘मग तो पोरगा चुकीचं काय म्हणाला?’

उठले आणि कामावर गेले.

५ ऑगस्ट, मंगळवार

माझा धंदा कवळ्या बनवायचा. सत्तावीस वर्षं मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवतेय. प्रत्येक कवळीला जगात एकच तोंड. दुसऱ्याला बसतच नाही! आजवर कोणी मला म्हणालं नाही, की बाई, एका माणसासाठी कशाला एवढा खटाटोप. मग यंत्राच्या बाबतीतच का गर्दी लागते यांना? हे कप्तानाला लिहून पाठवलं. जसंच्या तसं.

६ ऑगस्ट, बुधवार

कप्तानाचा फोन. आवाज गोड. गोड आवाजात बोलला की समजायचं, ठरवून आलाय.

‘ताई, एकटं घर असायला माझी हरकत नाही. साक्षीचं काय ते सांगा.’

आमच्यात रीत आहे — दोन साक्षींशिवाय पॅकेज कोठीत पक्कं होत नाही. एक साक्ष बांधणाऱ्याची. दुसरी परक्या माणसाची. त्याने कोऱ्या यंत्रावर ते लावून बघायचं आणि यादीवर, म्हणजे आमच्या सामाईक फळ्यावर, एकच शब्द लिहायचा — ‘लागलं’. जुन्या आळीतल्या एकेचाळीस पॅकेजना गेली दोन वर्षं फक्त माझी साक्ष आहे. सगळी कच्चीच पडून.

‘तीस सप्टेंबरपर्यंत कोणाचं तरी एक ‘लागलं’ आणा. माझं बोलणं मागे घेतो. नाहीतर ताई, भावनेवर यंत्रणा चालत नाही.’

‘आणते,’ म्हणाले. कुठून, ते विचारायच्या आत फोन ठेवला.

९ ऑगस्ट, शनिवार

जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात ‘म्हातारं’ घरघरतंय. माझं जुनं यंत्र. जुन्या आळीची पॅकेजं त्याच्यावरच बांधते, आणि एक बांधायला ते नऊ तास घेतं. पहाटे लावून कामावर जायचं, संध्याकाळी येऊन बघायचं. आज आले तर आठव्या तासाला बंद पडलेलं. कारण? नवऱ्याने इस्त्रीसाठी प्लग काढला होता!

‘मला वाटलं, झोपलंय.’

इस्त्री केलेला शर्ट चुरगळून त्याच्या हातात दिला. मग दोघेही हसलो. पण आठ तास गेले ते गेलेच.

११ ऑगस्ट, सोमवार

आकडा — एक. आहेस बाबा, आहेस.

कोण आहे ते मला कळत नाही. नियम मीच केलाय — कोठीत कोण आलं ते लिहून ठेवायचं नाही, किती आले एवढंच मोजायचं. लोकांच्या घरात डोकावायचं नाही. नियम चांगलाच आहे. आज पहिल्यांदा त्याचा राग आला.

संध्याकाळी वहिनीचा फोन. वहिनी दोन-तीन महिन्यांतून एकदा करते, दादा बाहेर गेला की. शेवटी नेहमीसारखं विचारलं, ‘दादा कसा आहे?’ म्हणाली, ‘आहेत. दार लावून माडीवर काहीतरी खुडबुड करत बसतात. मला काय कळतंय त्यातलं?’

माडीवर खुडबुड!

दादाचं यंत्र जुन्या आळीतलंच आहे. म्हणजे होतं. आळी मुळात त्यानेच वसवली, माझ्या आधी. सहा वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. मुंगीही सोडली. जाताना म्हणाला होता, ‘तुझ्या हातचं काही पुन्हा माझ्या यंत्रावर लावणार नाही.’

अपडेट घेणं म्हणजे न बघता दुसऱ्याच्या हातचं खाणं. आणि कोणीतरी दर आठवड्याला, न चुकता, माझ्या हातचं खातंय.

कप्तानाला हे सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. इथे लिहितेय, बास.

१८ ऑगस्ट, सोमवार

शून्य.

तीनदा बघितलं. शून्य!

गेला आठवडाभर सुट्टी होती, आमच्या कवळ्यांच्या कारखान्याला रंग काढायचा होता म्हणून मालकीणबाईंनी कुलूप लावलं. घरी बसून सात पॅकेजं बांधली. सातही नीट. आणि आज हे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला काहीही होऊ शकतं. वहिनीला फोन केला, कधी नाही ते मी होऊन. ‘सगळं ठीक ना?’ ‘ठीकच की. का गं?’ काही नाही म्हणाले.

२५ ऑगस्ट, सोमवार

एक! जीव भांड्यात पडला.

आता वाट नाही बघणार. आज पॅकेज लावून झाल्यावर पडद्यावर जी ओळ उमटते, ती बदलली. आधी नुसतं ‘पूर्ण झालं’ यायचं. आता येईल — ‘जुन्या आळीतल्या माणसा, तुझ्यासाठी भांडतेय. यादीवर एक शब्द लिही. लागलं.’

नवऱ्याने वाचलं. ‘ही ओळ आहे की अर्ज?’

‘अर्ज मी कोणाला करत नाही!’

‘बरं, मग हुकूम म्हण.’

१ सप्टेंबर, सोमवार

एक. यादीवर शब्द नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

कारखान्यात एक आजोबा चौथ्यांदा आले. ‘इथे टोचतंय.’ दर वेळी वेगळ्या जागी बोट. मी वैतागून घासायचं चाक बंद केलं. मालकीणबाई म्हणाल्या, ‘कटकट समजू नका त्यांना. जो टोचतंय म्हणत परत येतो ना, तोच कवळी घालतो. जो काही बोलत नाही, त्याची डबीत पडलेली असते.’

पटलं. पण आजोबा गेल्यावर.

माझ्या आळीतला तो मात्र काही बोलत नाही. ना लागलं, ना टोचतंय. स्वभावच असेल. दादा लहानपणी रुसला की चार-चार दिवस ताटाकडे बघून जेवायचा, कोणाकडे मान वर करायचा नाही. पण जेवायचा!

८ सप्टेंबर, सोमवार

एक. यादीवर कप्तानाने सगळ्यांसमोर लिहिलं — ‘जुन्या आळीसाठी बावीस दिवस उरले.’ खाली दोघांनी अंगठे दिले. एकाने लिहिलं, ‘ताईंच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण...’

पण! आदराच्या मागे ‘पण’ लावला की आदर कुठे उरतो? उत्तर दिलं — ‘आदर ठेवा तुमच्याकडे. जुनं यंत्र असेल तर ते लावून बघा.’ कोणाकडे नाही. सगळ्यांकडे चकचकीत नवी.

आजपासून रोज दोन पॅकेजं पुन्हा तपासणार. एकेचाळीस आहेत, बावीस दिवस. रविवारी जास्त करेन. कोणाला गरज नसेल तर नसू दे. माझी आळी झाडलेली असली पाहिजे.

१४ सप्टेंबर, रविवार

आज नवऱ्याने मला मदत करायची ठरवली, हेच चुकलं.

दुपारी शेजारी येऊन बसला. ‘मी काय म्हणतो, ‘लागलं’ एवढंच लिहायचं ना? मी लिहितो. दुसरं नाव घेतो. कोणाला कळणार? पॅकेजं तर चांगलीच आहेत, तूच म्हणतेस.’

हातातला कप ठेवला. त्याला वाटलं, चिडलेय. चिडले नव्हते. घाबरले होते. कारण हे मी केलेलं आहे.

सहा वर्षांत ही गोष्ट कुठे लिहिली नाही. या वहीतही नाही. आज लिहिते.

तेव्हाही दुसरी साक्ष मिळत नव्हती. सगळे आपापल्या कामात. मला घाई. घाई कसली? तर पॅकेज वेळेत गेलं की सगळे वाहवा करायचे. मी यादीवर आणखी एक नाव उघडलं — ‘पाहुणा’. बांधणारी मी, आणि परका म्हणून ‘लागलं’ लिहिणारीही मीच. एकदा जमलं. मग सवय झाली. पाहुण्याने वर्षभरात तीस-पस्तीस साक्षी दिल्या! दादा एकदा म्हणालासुद्धा, ‘हा पाहुणा कोण गं? कामाचा माणूस दिसतो.’ मी म्हणाले, ‘हो, आहे एक.’

मग ते पॅकेज. जुना फोल्डर पुसून नवा ठेवायचा, एवढंच त्याचं काम. पुसायच्या ओळीत फोल्डरचं नाव यायला हवं होतं, ते राहिलं. नावाची जागा रिकामी, म्हणून ओळीने वरचं सगळंच पुसलं. माझ्या यंत्रावर पुसण्यासारखं काही नव्हतं, मला कळलं नाही. दुसऱ्या कोणी खरंच लावून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. दादाने लावलं. त्याच्या यंत्रावर आप्पांचा, आमच्या वडिलांचा, आवाज होता. कॅसेटच्या अकरा फिती त्याने चार महिने खपून उतरवून घेतल्या होत्या. फितींना बुरशी लागली होती म्हणून नंतर टाकून दिल्या. आप्पा जमीन मोजणी खात्यात होते, साखळी ओढत कुठे कुठे फिरले ते सगळं त्यात सांगितलेलं. मध्येच कुत्र्याला ओरडतात ते. आईला ‘पाणी आण’ म्हणतात ते.

सगळं गेलं.

दादा फोनवर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, ‘दोघांनी लावून बघितलंय म्हणून मी लावलं.’

चूक झाली, असं मी सगळ्यांना सांगितलं. चूक कशी झाली ते नाही. पाहुणा त्या दिवसापासून पुन्हा आला नाही. कोणी चौकशीही केली नाही.

नवऱ्याला आज हे सगळं सांगितलं. त्याने गार झालेला कप उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाला, ‘दादाला सांगितलंस?’

‘नाही.’

‘मग तू सहा वर्षं भांडतेयस कोणाशी?’

१५ सप्टेंबर, सोमवार

एक. बोल ना रे!

१७ सप्टेंबर, बुधवार

नवऱ्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही. उत्तर देते इथेच. मी कोणाशीही भांडत नाही. मी एक दार उघडं ठेवतेय. त्या दाराने दादा येत असेल तर मी ते बंद करणार नाही — कप्तान येऊ दे, नाहीतर कप्तानाचा बाप येऊ दे. आणि खोटं ‘लागलं’ पुन्हा लिहिणार नाही. आळी बुडाली तरी नाही. दोन्ही एकदम जमत नसेल तर न जमो.

पंचवीस पॅकेजं तपासून झाली.

२० सप्टेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

सकाळी कारखान्यात मेण वितळवायच्या भांड्याचा बोर्ड ठिणग्या टाकायला लागला. वायरमन आला. म्हणाला, ‘याच्यावर आणखी काय लावलंय? ही एक वायर मागे जाते.’ वायर प्लॅस्टरच्या पोत्यांच्या मागे जात होती. मी पोती सरकवली. मागच्या फळीवर पांढऱ्या धुळीने माखलेला एक डबा. पडदा नाही, कळफलक नाही. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकतोय.

ओळखला. मीच बसवला होता, पाच वर्षांपूर्वी. कवळ्यांच्या डब्यांवर लेबलं छापायला जुनं यंत्र मिळालं, मी हौसेने त्यावर मुंगी घातली. दर शनिवारी दुपारी तीनला आपलं आपण अपडेट घ्यायचं, असं सांगून ठेवलं. नंतर लेबलांना नवा संगणक आला. जुन्याचा पडदा कोणीतरी नेला आणि डबा फळीवर ढकलला. बंद करायचं राहिलं. मी विसरले. तो विसरला नाही.

जुन्या आळीतलं एकच घर. माझ्या खुर्चीपासून चार हातांवर!

रंग काढला तो आठवडा — कुलूप, वीज बंद. शून्य. कसं सुचलं नाही मला? काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती ओळही आठवली — ‘जुन्या आळीतल्या माणसा.’ पडदा नसलेल्या डब्याला दर शनिवारी विनवत होते मी.

वायरमन म्हणाला, ‘ताई, काढू का ही?’

‘मी काढते,’ म्हणाले. बारा वाजले होते.

मालकीणबाईंनी विचारलं, डोळ्यांत काय गेलं. प्लॅस्टर म्हणाले.

२१ सप्टेंबर, रविवार

एकही पॅकेज तपासलं नाही. म्हातारं बंद आहे. घर फार शांत वाटतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

शून्य. माहीत होतंच. तरी बघितलं.

वाईट कशाचं वाटतंय ते सरळ लिहिते. आळीचं नाही. दादा तिथे कधीच नव्हता, याचं. वर्षभर मी त्याला मनात जेवू घालत होते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कप्तानाला फोन केला. ‘तुझं बरोबर होतं. आळीत कोणी नाही. ते एक यंत्र माझंच निघालं.’

मला वाटलं, हसेल. हसला नाही. म्हणाला, ‘ताई, मग बंद करतो मी. तुम्ही नका त्रास घेऊ.’

‘हात लावायचा नाही! मीच सांभाळत आणलीय, मीच बंद करणार. आणि का बंद होतेय ते सगळ्यांना मीच सांगणार.’

‘सांगायचं काय त्यात? आकडा शून्य, एवढंच.’

‘एवढंच नाहीये,’ म्हणाले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्यात स्वतःची बाजू मांडत बसले, फाडलं. दुसऱ्यात रडत बसले, तेही फाडलं. तिसरं नवऱ्याने वाचलं. म्हणाला, ‘यात तू माफी मागतेयस की भाषण करतेयस?’ तेही गेलं.

चौथं लहान आहे. इथे उतरवून ठेवते.

‘जुनी आळी ३० तारखेला बंद होईल. तिथे एकच यंत्र येत होतं, ते माझंच निघालं. दुसरी साक्ष मिळाली नाही. खोटी मिळवता आली असती. तशी मी पूर्वी मिळवली आहे. सहा वर्षांपूर्वी यादीवर जो पाहुणा होता, तो मीच. त्याच्या प्रत्येक ‘लागलं’च्या वेळी कोणीही काहीही लावून बघितलेलं नव्हतं. त्यातल्या एका पॅकेजने माझ्या भावाचं यंत्र पुसलं. त्यात आमच्या वडिलांचा आवाज होता. ती चूक नव्हती, लबाडी होती. भावाला हे मी कधी सांगितलं नाही, आज सगळ्यांसमोर सांगते. एकेचाळीस पॅकेजं मी पुन्हा तपासतेय. दुसरी साक्ष नाही, म्हणून ती कच्चीच राहतील. कोणाला कोठी माझ्या हातून काढून घ्यायची असेल तर घ्या. मी होऊन सोडणार नाही.’

शेवटचं वाक्य नवरा काढ म्हणाला. नाही काढलं!

२७ सप्टेंबर, शनिवार

दुपारी तीन वाजता यादीवर टाकलं. एक प्रत दादाला, त्याच्या जुन्या पत्त्यावर. तो पत्ता अजून चालतो का, देव जाणे.

२८ सप्टेंबर, रविवार

यादीवर गदारोळ. एकाने लिहिलं, ‘वर्षभर आम्ही पाहुण्यावर विश्वास ठेवला.’ खरंय. एकाने लिहिलं, कोठीच्या किल्ल्या काढून घ्या. कप्तानाने उत्तर दिलं — ‘किल्ल्या ताईंकडेच राहतील. पण आजपासून त्यांच्या प्रत्येक पॅकेजला दोन परक्या साक्षी.’ म्हणजे बाकीच्यांना एक, मला दोन. राग यायला हवा होता. नाही आला. बरोबर केलं पोराने.

दादाकडून काही नाही.

म्हातारं पुन्हा सुरू केलं. बारा राहिलीत. आळी परवा बंद होणार, मग आता कशाला, नवरा म्हणाला. परवा बंद होणार आहे, आज नाही ना झाली?

३० सप्टेंबर, मंगळवार

एकेचाळीस झाली.

संध्याकाळी सहाला नव्या आवृत्तीतून जुनी आळी काढली. एक ओळ लिहायची होती, लिहिली. मग ती सगळी एकेचाळीस पॅकेजं घरच्या म्हाताऱ्यावर ठेवली आणि यादीवर, पुन्हा एक प्रत दादाला, पत्ता टाकला — ‘आळी मुंगीतून गेली. माझ्या टेबलावर चालू आहे. दार उघडं आहे.’ वर ठळक लिहिलं — ‘साक्ष फक्त माझी. जपून लावा.’

कप्तानाचा निरोप — ‘ताई, याला काय म्हणायचं?’

‘हट्ट,’ असं उत्तर दिलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

शून्य. नवऱ्याने इस्त्रीसाठी नवीन बोर्ड आणलाय, म्हणजे म्हाताऱ्याचा प्लग काढावा लागू नये.

१३ ऑक्टोबर, सोमवार

एक.

नवऱ्याला विचारलं, खेळतोयस का माझ्याशी? म्हणाला, मुळीच नाही. कारखान्यात जाऊन फळीवरचा डबाही बघून आले. वायर गुंडाळलेली, धूळ तशीच. कप्तानाने गंमत म्हणून केलं असेल. आशा करायची नाही. अजिबात नाही. एकदा शहाणी झालेय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दादाचा निरोप आला. सहा वर्षांनी. कशी आहेस नाही, माफ केलं नाही, काही नाही —

‘नाही लागलं. सतराव्या पॅकेजला अडलं. यंत्र माळ्यावरून खाली काढलंय, आता माझ्याने परत वर चढवणं होणार नाही. दुरुस्त कर. थांबलोय.’